पोटापुरती मजुरी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

येवल्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याला बहुधा तीन गोष्टी आठवतात. पहिली पैठणी. दुसरी म्हणजे १८५७ च्या उठावातले सेनानी तात्या टोपे, कारण ते मूळचे येथले. आणि तिसरी १३ ऑक्टोबर १९३५ ची परिषद, जिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या जागेवर ती घोषणा झाली, तिला आज मुक्तिभूमी म्हणतात. या तिन्ही गोष्टींवर पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज बोलायचे आहे ते त्यांच्या आड राहिलेल्या एका साध्या प्रश्नावर, मजुरीच्या प्रश्नावर.

ज्या कामाला शाळा लागत नाही, प्रमाणपत्र लागत नाही, अशा कामाची मजुरी घर चालेल एवढी असावी का? चहाच्या टपरीवर हा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काम कोणालाही जमण्यासारखे आहे, माणसे भरपूर आहेत, मग बाजारात जो भाव असेल तोच द्यावा. दुसरा म्हणतो, दिवसभर राबलेला माणूस रात्री उपाशी झोपता कामा नये. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. पण केवळ दया येते म्हणून नव्हे. या प्रश्नाचा हिशेब आपल्या महाराष्ट्राने शंभर वर्षांहून अधिक काळ मांडला आहे, आणि तो वाचल्यावर पहिल्या पक्षाचे म्हणणे टिकत नाही, असे मला वाटते.

आधी 'अकुशल' हा शब्द पाहू. पैठणी विणणाऱ्याला कोणी अकुशल म्हणत नाही. पदरावरचा मोर हातांनी, एकेका धाग्याने काढणारा कारागीर मोठाच असतो. पण माग चालायला त्याच्याआधी कितीतरी हात लागतात. रेशीम उकळून त्याचा डिंक काढायचा, ते रंगवायचे, वाळवायचे, लडी सोडवायची, रहाटावर कांड्या भरायच्या, ताण्याचे धागे एकेक करून सांधायचे. ही कामे बहुतेक घरांत बायकांची आणि म्हाताऱ्यांची. त्यांची गणना मदतनिसात होते. पैठणीच्या किमतीची चर्चा होते तेव्हा विणकराचे नाव निघते, कांडी भरणारीचे निघत नाही.

माझी आई कांड्या भरायची. घरात आम्ही दखनी बोलायचो, बाहेर मराठी. रहाटाचा आवाज मात्र दोन्हीकडे एकच होता. कांडीवर धागा सैल बसला की धोट्यात अडकतो आणि तुटतो, फार ताणला तरी तुटतो. बोटांना तो ताण कळायला वर्ष-दोन वर्षे जातात. हे शिक्षण कोठे नोंदले जात नाही, म्हणून त्याला अकुशल म्हणायचे. शेतात निंदणी करणारी बाई, गटार साफ करणारा माणूस, मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहणारा हमाल, सगळ्यांची गत तीच. तरीही वादापुरते धरू की ही कामे खरोखर कोणालाही जमतात. मग त्यांचे दाम किती असावे?

मजुरीच्या इतिहासात पहिला प्रश्न 'किती' हा नव्हता. तो होता 'केव्हा'. आमच्या घरी लहानपणापासून पैगंबरांची एक शिकवण कानावर पडायची, की मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवा. चौदाशे वर्षांपूर्वीही मजुरी अडकवून ठेवणारे लोक होते, हेच त्यावरून कळते. मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात हाच रोग होता. पगार कधी मिळेल याचा नेम नसे, महिना उलटून गेल्यावरही तो हाती पडत नसे. मधल्या काळात कामगार वाण्याकडून उधारीवर आणि सावकाराकडून व्याजाने जगत असे.

महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. आठवड्यातून एक दिवस सुटी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. आपण ज्या दिवशी ही पुरवणी वाचत बसतो, तो दिवस या माणसाने मिळवून दिलेला आहे. पगार वेळेवर देण्याचा कायदा व्हायला मात्र १९३६ उजाडले.

'केव्हा'चे उत्तर असे मिळाले. 'किती'चे उत्तर फार अवघड होते, आणि ते शोधताना गिरणीपेक्षा खेडे समोर ठेवावे लागते. कारण सर्वांत कमी मोबदल्याचे काम खेड्यात होते आणि ते जातीने ठरलेले होते. महार वतन हे त्याचे उदाहरण. सरकारी टपाल पोचवणे, गावाच्या हद्दीवर लक्ष ठेवणे, वसुलीच्या वेळी लोकांना चावडीवर बोलावून आणणे, आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवणे, ही कामे महारांकडे होती. त्यांना वेळेचे बंधन नव्हते. घरचा माणूस आजारी असेल तर त्याच्या जागी घरातला दुसरा जाई. मोबदला म्हणून इनामाचा लहानसा तुकडा, जो पिढ्यान्पिढ्या वाटण्या होऊन आणखी लहान झालेला. उरलेले बलुते म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरचे धान्य. ते देणे न देणे शेतकऱ्याच्या मर्जीवर. काम सरकारचे आणि मजुरी गावाच्या मेहेरबानीची, असा हा कारभार होता.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या वतनांच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले. त्यातला मुद्दा मजुरीचाच होता. ज्याचे काम, त्याने मोबदला द्यावा. तो ठरलेला असावा, भिकेसारखा मागावा लागू नये. आणि ज्याला ही चाकरी नको असेल त्याला ती सोडता यावी. विधेयक कायद्यात उतरले नाही. हलक्या मानलेल्या गावकीच्या चाकरीची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडावे लागले. पण १९२८ च्या त्या मांडणीत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. ज्याला काम नाकारता येत नाही, त्याच्या मजुरीचा भाव बाजार ठरवत नाही. तो ठरवते त्याची लाचारी.

१९३५ ची येवल्याची परिषद मला या संदर्भात आठवते. १९३० साली सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षे चालूनही दरवाजा उघडला नव्हता. तो थांबवून दुसरा मार्ग धरण्याचा निर्णय येथे झाला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. माणूस म्हणून मान आणि मजूर म्हणून दाम, या दोन गोष्टी त्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्या, हे या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. येवल्याच्या घोषणेपासून मोजले तर मध्ये साडेदहा वर्षे गेली होती. ते लवकरच त्या पदावरून गेले आणि कायदा मंजूर झाला तो १९४८ मध्ये, जगजीवनराम मजूरमंत्री असताना.

ही कल्पना तोवर जगाला नवी नव्हती. न्यूझीलंडने १८९४ मध्ये लवादामार्फत वेतन ठरवण्याचा कायदा केला होता. ऑस्ट्रेलियात १९०७ मध्ये शेतीची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी निकाल दिला. तो नेमका अकुशल मजुराबद्दल होता. त्यांनी त्या मजुराचे कौशल्य तोलले नाही, कारखान्याचा नफाही पाहिला नाही. मजूर, त्याची बायको आणि तीन मुले यांना माणसासारखे राहायला काय लागते याचा हिशेब केला आणि दिवसाला सात शिलिंग हा आकडा काढला. त्यावर कौशल्याचे जे काही अधिक द्यायचे ते वेगळे. माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली येथे आहे. कौशल्याचे मोल कमी-जास्त असावे, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण ते मोजायला सुरुवात जगण्याच्या खर्चाच्या वरून व्हावी.

आपल्या १९४८ च्या कायद्यात एक यादी होती. विडी, दाळ-तांदळाच्या गिरण्या, तेलाच्या गिरण्या, रस्त्यांची कामे, खडी फोडणे, कातडी कमावणे, आणि वेगळ्या भागात शेती. गालिचे आणि शाली विणणे त्यात होते, रेशमी हातमाग त्या मूळ यादीत नव्हता. आणि किमान म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेच नव्हते. शिवाय १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या त्रेचाळिसाव्या कलमाने शेतमजुरासकट सर्व कामगारांना निर्वाह वेतन मिळावे असे राज्याला सांगितले. आकडा तेथेही नव्हता.

तो हिशेब १९५७ मध्ये झाला. दिल्लीत पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिघेही तेथे होते. त्यांनी ठरवले की एका कमावत्या माणसावर तीन 'एकके' अवलंबून धरायची. पुरुष एक, बायको शून्य पूर्णांक आठ, आणि दोन मुले प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. त्यांचे अन्न डॉ. आयक्रॉईड या आहारतज्ज्ञाने सांगितलेल्या प्रमाणात. कापड माणशी वर्षाला अठरा वार, म्हणजे चौघांना बहात्तर वार. सरकारी औद्योगिक वसाहतीच्या दराने घरभाडे. सरपण, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा.

अठरा वार म्हणजे दोन नऊवारी लुगडी. कापडाच्या गावात राहणाऱ्याला हा आकडा लगेच समजतो. वर्षभरात अंगावरची दोन लुगडी, त्यात अंथरूण-पांघरूणही आले. एवढे मागणे म्हणजे चैन मागणे नव्हे. मुलांची शाळा, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण, यांचा त्या हिशेबात स्वतंत्र उल्लेखसुद्धा नव्हता. तो १९९१ मध्ये राप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणला आणि त्यासाठी पंचवीस टक्के वेगळे धरायला सांगितले. या हिशेबातली दुसरी एक गोष्ट मला खटकते. बायको आणि मुले जे कमावतील ते धरायचे नाही, असे ठरले होते. हेतू चांगला होता, कारण पोरांच्या कमाईवर बापाची मजुरी कमी करू नये. पण त्यामुळे रहाटावर बसलेली बाई त्या कागदावर फक्त खाणारी म्हणून आली, शून्य पूर्णांक आठ एकक. राबणारी म्हणून आली नाही.

आता पहिल्या पक्षाचा खरा आक्षेप घेऊ, कारण तो उडवून लावण्याजोगा नाही. ते म्हणतात, एवढी मजुरी द्यायची तर छोटा धंदा बंद पडेल, मग आहे ती मजुरीही जाईल. सर्वोच्च न्यायालयापुढे क्राऊन ॲल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात हाच विषय होता. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा, की ज्या उद्योगाला कामगाराला अगदी किमान वेतनही देता येत नाही, त्याला चालू राहण्याचा अधिकार नाही. मोठ्या कारखान्याला हे वाक्य चोख लागू पडते. येवल्याच्या गल्लीत ते तसेच्या तसे लावता येत नाही. येथे दोन मागांचा धनी स्वतःच मागावर बसतो. रेशीम आणि जर त्याने व्यापाऱ्याकडून उधार आणलेली असते, आणि कांडीवालीला द्यायचे पैसे त्याच्या हातात साडी विकल्यावर येतात. त्याला मालक म्हणून कोर्टात उभे करणे म्हणजे एका गरिबाने दुसऱ्या गरिबाला दंड करणे होय. मग पैसा आणायचा कोठून?

याचे एक उत्तर महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात शोधले. आमचा तालुका अवर्षणाचा, त्यामुळे ते दिवस येथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाहीत. खडी फोडण्याची, पाझर तलावांची, बांधांची कामे निघाली. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी त्याआधी, १९६५ पासून, तासगाव तालुक्यात एक प्रयोग चालवला होता, की जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यावे. त्यातून रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. शहरातला पगारदार, डॉक्टर, वकील आपल्या कमाईतून थोडे देणार आणि त्यावर खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघणार. ज्याचा धंदा लहान आहे त्याच्या मानेवर सगळे ओझे न टाकता ते समाजाने वाटून घेता येते, हे येथे दिसले. पुरुष आणि बाईला कामाचा दर एकच होता, हेही विसरू नये.

परंतु याच योजनेने दुसरा धडाही दिला. १९८८ मध्ये राज्यात शेतमजुरीचे किमान वेतन एकदम दुपटीच्या घरात गेले आणि हमीवरची मजुरीही त्याबरोबर वाढली. त्यानंतर कामावरची हजेरी कमी झाली. लोकांना काम नको होते म्हणून नव्हे; मागणाऱ्यांना पुरतील एवढी कामेच निघाली नाहीत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले. मजुरी वाढवली आणि पैसा मात्र त्या प्रमाणात काढला नाही, तर हमीतली हमी निघून जाते. पहिल्या पक्षाने दाखवलेली भीती येथे खरी ठरली. तरीही त्यावरचा उपाय मजुरी कमी करणे हा नव्हता, तिजोरीत तरतूद वाढवणे हा होता. आकडा जाहीर करणे सोपे असते, तो पाळायला पैसा बाजूला काढावा लागतो.

त्याआधीच न्यायालयाने हा प्रश्न एकदम वेगळ्या जागी नेऊन ठेवला होता. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही संविधानाच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठबिगारी आहे. कारण एवढ्या कमी पैशांत कोणी राजीखुशीने राबत नाही, भूक त्याला राबवते. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबद्दल न्यायालयाने हेच सांगितले. सरकार मदत करते आहे म्हणून त्याला सूट नाही. १९२८ मध्ये वतनाच्या चाकरीबद्दल जे मांडले गेले होते, ते चोपन्न वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मजुरीबद्दल मान्य झाले. लाचारीने घेतलेली मजुरी हा करार नव्हे.

आता १९४८ च्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली आहे. ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. जुनी यादी संपली. कोणत्याही कामावरच्या कामगाराला किमान वेतन मिळावे असे तिच्यात आहे, ही चांगली गोष्ट आहे. तिच्या नियमांचा जो मसुदा २०२० मध्ये आला, त्यात कुटुंबाला वर्षाला सहासष्ट मीटर कापड धरले होते. बहात्तर वारांचे मीटर केले तर जवळपास तेवढेच होतात. १९५७ नंतर वार जाऊन मीटर आले, माप तेच राहिले.

पण घरात बसून नगावर काम करणारी बाई आजही कायद्याच्या उंबरठ्यावरच आहे. तिचा हजेरीपट नसतो. तिचा मालक विणकर, की माल देणारा व्यापारी, की दुकानदार, हेच ठरत नाही. आणि ज्याचा मालक ठरत नाही त्याची मजुरी कोणाकडे मागायची? येवल्यापुरते बोलायचे तर त्याचे उत्तर कोर्टापेक्षा साडीच्या किमतीत शोधायला हवे. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे या मातीचे आणि येथल्या हातांचे नाव त्या कापडाबरोबर कायद्याने जोडले गेले. मग त्या हातांत रेशीम उकळणारे आणि कांडी भरणारे हात धरायचे की नाही? विणकरांच्या संस्थांनी आणि व्यापाऱ्यांनी बसून प्रत्येक कामाचा दर ठरवावा, तो लेखी असावा, आणि साडीच्या किमतीत तो आधी धरावा, उरलेल्यातून नव्हे. गिऱ्हाईकाला पैठणीत एवढे जास्त पडले तरी जाणवणार नाही. कांडी भरणारीच्या घरात मात्र ते जाणवेल.

घाम सुकण्याआधी मजुरी द्या, या शिकवणीचा उल्लेख मी केला. तिच्या जोडीला आणखी एक शिकवण आम्हाला सांगितली जायची. तुमच्या हाताखाली राबणाऱ्याला तुम्ही जे खाता तेच खायला द्या, तुम्ही जे नेसता तेच नेसायला द्या. श्रम परिषदेने अन्नाचे आणि कापडाचे जे माप काढले, ते यापेक्षा पुष्कळच कमी आहे. निदान तेवढे तरी प्रत्येक राबणाऱ्याला पुरेपूर मिळाले पाहिजे, मग त्याच्या कामाला तुम्ही कुशल म्हणा की अकुशल.